सायलेन्सर बदलला की ताकद वाढते का?

१. प्रश्नाची मांडणी

स्पोर्ट्स मोटारसायकल घेणाऱ्या बहुतेकांना लवकरच एक प्रश्न पडतो: कंपनीने दिलेला जड आणि दबक्या आवाजाचा सायलेन्सर काढून त्या जागी बाजारात मिळणारा हलका, मोकळा सायलेन्सर बसवला, तर गाडीची ताकद वाढते का, आणि वाढत असेल तर कंपनीनेच तो का बसवला नाही? प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच मिळते. सायलेन्सरची आखणी करणाऱ्या अभियंत्याला ताकदीखेरीज आवाजाची कायदेशीर मर्यादा, धुरातील विषारी घटकांची मर्यादा, पावसाळ्यातील गंज, मागे बसणाऱ्याच्या पायाला लागणारी झळ आणि उत्पादनाचा खर्च या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. बाहेरचा सायलेन्सर यांपैकी एखादे बंधन सैल करतो आणि त्याच्या बदल्यात थोडे काही मिळवून देतो. काय सैल झाले आणि काय हाती आले याचा हिशोब नीट मांडला, तर निवड बरीच सोपी होते.

बोलण्यात ‘सायलेन्सर’ हा शब्द संपूर्ण निकासव्यवस्थेसाठी वापरला जातो, परंतु तो त्या व्यवस्थेचा फक्त शेवटचा भाग आहे. सिलिंडर हेडला स्टडांवर घट्ट बसवलेली आणि इंजिनाच्या पुढून खाली वळणारी नळी म्हणजे हेडर, ज्याला गॅरेजमध्ये बेंड पाइप म्हणतात. एकाहून अधिक सिलिंडर असतील तर त्यांच्या नळ्या जिथे एकत्र येतात तो कलेक्टर. त्यानंतर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक. मग मधली नळी. आणि शेवटी आवाज कमी करणारा डबा, ज्याच्या आतल्या नळीला महाराष्ट्रात सर्रास पुंगळी म्हटले जाते. केवळ शेवटचा डबा बदलला तर त्याला ‘स्लिप-ऑन’ म्हणतात आणि हेडरपासून टोकापर्यंत सगळेच बदलले तर ‘फुल सिस्टीम’. या दोहोंतला फरक किंमतीपुरता नाही, हे पुढे दिसून येईल.

या व्यवसायाचा उगम शर्यतींमध्ये आहे. जपानमधील हिदेओ योशिमुरा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चार सिलिंडरांच्या चार नळ्या एका कलेक्टरमध्ये आणण्याची पद्धत मोटारसायकलींच्या जगात रुजवली, तर १९९० च्या दशकात स्लोव्हेनियातील माजी शर्यतपटू इगोर अक्रापोविच यांच्या कारखान्याने टायटॅनियमच्या पातळ नळ्यांची कारागिरी नावारूपाला आणली. शर्यतीच्या गाडीला नोंदणी क्रमांक नसतो, तिच्या मागे कोणी बसत नाही आणि तिचे इंजिन ठरावीक वापरानंतर उघडून तपासले जाते. तिच्यासाठी विकसित झालेली वस्तू रस्त्यावरच्या गाडीला लावताना या तीन गोष्टींचा विसर पडणे हेच बहुतेक फसलेल्या खरेदीचे कारण असते.

२. नळीतून वायू जातो आणि दाबाची लहरही जाते

फोर-स्ट्रोक इंजिनात इंधन जळून झाले की पिस्टन खाली पोहोचण्याच्या थोडे आधीच निकासाची झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, उघडते. त्या क्षणी सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो, त्यामुळे जळालेला वायू झटक्याने नळीत शिरतो. या झटक्यातून दोन गोष्टी निर्माण होतात: एक म्हणजे प्रत्यक्ष पुढे सरकणारा वायू, आणि दुसरी म्हणजे त्या वायूतून त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने धावणारी दाबाची लहर. रेल्वेच्या यार्डात शंटिंग करताना इंजिनाने उभ्या मालडब्यांना धक्का दिला, तर डबे स्वतः जेमतेम हातभर सरकतात, पण धक्का मात्र एका कपलिंगमधून दुसऱ्यात असा क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो. नळीतील वायू आणि लहर यांचे नाते असेच आहे.

ही लहर नळीच्या मोकळ्या टोकाशी, किंवा नळी एकदम रुंद होते अशा ठिकाणी, पोहोचली की तिथून परत फिरते, आणि परत फिरताना तिचे स्वरूप उलटते: दाब वाढवणारी लहर दाब कमी करणारी होऊन झडपेकडे येते. ती झडपेशी पोहोचेल त्या वेळी निकासाची झडप बंद होण्याच्या बेतात आणि ताज्या मिश्रणाची झडप नुकतीच उघडलेली असेल, म्हणजे दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असतील, तर ही कमी दाबाची लहर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू बाहेर ओढते आणि ताज्या मिश्रणालाही आत येण्यास मदत करते. निकासनळीमुळे ताकद वाढते ती मुख्यतः या ओढीमुळे.

एक साधे गणित केले तर या मदतीच्या मर्यादाही लक्षात येतात. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ढोबळमानाने ५५० मीटर असतो. झडपेपासून नळी रुंद होण्याच्या जागेपर्यंतचे अंतर ९० सेंटीमीटर धरले, तर लहरीला जाऊन परत येण्यासाठी १.८ मीटर अंतर कापावे लागते आणि त्याला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर असताना एक फेरी ६.७ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे लहर परत येईपर्यंत क्रँकशाफ्ट अर्धी फेरी फिरलेला असतो; तेच इंजिन ४,५०० फेऱ्यांवर चालत असेल तर त्याच वेळेत तो फक्त पाव फेरी फिरतो. लहरीचा वेळ नळीच्या लांबीने ठरलेला आहे, झडपांचा वेळ मात्र इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो, त्यामुळे एका गतीला अगदी वेळेवर येणारी लहर दुसऱ्या गतीला चुकीच्या वेळी येते आणि मदत करण्याऐवजी जळका वायू आत ढकलते. एकच नळी सगळ्या गतींना सारखी उपयोगी पडू शकत नाही. तिच्या आखणीत कोणत्या गतीला झुकते माप द्यायचे एवढेच ठरवता येते. १९८० च्या दशकात यामाहाने निकासनळीत गतीनुसार उघडझाप करणारी झडप बसवली ती या अडचणीवरचाच उपाय म्हणून, आणि आज अनेक मोठ्या स्पोर्ट्स मोटारसायकलींत ती आढळते.

मोटारसायकलस्वारासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. शर्यतीसाठी आखलेली फुल सिस्टीम वरच्या गतींना झुकते माप देते आणि खालच्या-मधल्या गतींची ओढ थोडी कमी करते. ट्रॅकवर इंजिन सतत वरच्या गतीत असल्याने हा सौदा फायद्याचा ठरतो. मागे माणूस आणि सामान घेऊन आंबोलीचा किंवा ताम्हिणीचा घाट चढणाऱ्याला मात्र जी ओढ लागते ती नेमकी त्या हरवलेल्या भागातली असते.

३. ‘बॅक प्रेशर’ विषयीचा गैरसमज

इंजिनाला थोडा बॅक प्रेशर, म्हणजे नळीत उलटा दाब, हवाच असतो, अन्यथा ताकद कमी होते, असे मत सर्वत्र ऐकू येते. त्यामागचे निरीक्षण खरे आहे, पण कारण चुकीचे आहे. बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा इंजिनाला केव्हाही नकोसाच असतो. परंतु अडथळा कमी करण्यासाठी नळी फार रुंद केली की वायूचा वेग घटतो आणि लहरींचा जोरही मंदावतो. समजा, ३८ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीऐवजी ४५ मिलिमीटरची नळी घेतली, तर व्यास १८ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, पण छेदाचे क्षेत्रफळ तब्बल ४० टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच वायूचा वेग सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतो. खालच्या गतीत मुळातच कमी असलेला वायूचा वेग आणखी मंदावल्यामुळे गाडी मरगळल्यासारखी वाटते, आणि चालवणारा त्याचे खापर ‘बॅक प्रेशर गेला’ या समजुतीवर फोडतो. त्याने गमावलेला असतो तो वायूचा वेग.

लहान इंजिनाला मोठ्या गाडीचा रुंद पाइप जोडण्याची हौस यासाठीच टाळावी. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालणारा’ म्हणून जो सायलेन्सर मिळतो, तो निरनिराळ्या व्यासाच्या नळ्यांना जोडता यावा म्हणून केवळ अडॅप्टरच्या भरवशावर विकला जातो. त्याच्या आखणीत कोणत्याच इंजिनाचा विचार झालेला नसतो.

४. आवाज म्हणजे ताकद नव्हे

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. पातळी १० डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, २० डेसिबलने वाढली की शंभरपट. कानाला मात्र प्रत्येक १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी भासते. भारतात १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला निर्मितीच्या टप्प्यावर ८० डेसिबलची आणि ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबलची मर्यादा आहे. गाडी ठरलेल्या पद्धतीने वेग वाढवत पुढून जात असताना ७.५ मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने ही पातळी मोजली जाते. पुंगळी काढलेली गाडी त्याच अंतरावर १०० डेसिबल आवाज करत असेल, तर ती मर्यादेच्या शंभरपट ध्वनिऊर्जा आसपासच्या घरांवर फेकत असते.

आता या आवाजात ताकद किती हेही पाहता येते. ७.५ मीटरवर १०० डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरला एक शतांश वॅट. गाडीभोवतीच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ३५३ चौरस मीटर भरते, म्हणजे एकूण ध्वनिशक्ती झाली साडेतीन वॅट. ४० अश्वशक्तीचे इंजिन जवळपास ३०,००० वॅट शक्ती देते. कानठळ्या बसवणारा आवाज इंजिनाच्या शक्तीच्या दहा हजारांश भागाइतकाच असतो, आणि तो दाबून टाकण्यासाठी इंजिनाला फार काही गमवावेही लागत नाही, असे आधुनिक सायलेन्सर दाखवून देतात. वाढलेल्या आवाजामुळे गाडी अधिक वेगाने जात असल्याचा भास होतो, आणि अनेकांना जाणवणारी ‘वाढलेली ताकद’ ही या भासाची निर्मिती असते.

सायलेन्सर आवाज कमी करतो तो दोन प्रकारे. कंपनीचा सायलेन्सर बहुधा आतून दोन-तीन कप्प्यांत विभागलेला असतो. लहरी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आपटतात, परतून एकमेकींना छेद देतात आणि क्षीण होतात. बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्स सायलेन्सरांत सरळ सच्छिद्र नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचे, म्हणजे ग्लासवूलचे, जाड वेष्टन असते, जे तीक्ष्ण आवाज शोषून घेते. टोकाशी एका स्क्रूने बसवलेला ‘डीबी किलर’, म्हणजे आवाज रोखणारी काढता येणारी लहान नळी, उरलेला आवाज आटोक्यात ठेवतो. आवाजाचा पोत मात्र सायलेन्सरपेक्षा इंजिनावर अधिक अवलंबून असतो: एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० वेळा धडधडते, चार सिलिंडरचे त्याच गतीला २०० वेळा, त्यामुळे एक सिलिंडरच्या गाडीला कितीही महागडा सायलेन्सर लावला तरी तिच्यातून चार सिलिंडरांचा किंचाळता स्वर निघणार नाही.

५. उत्प्रेरक, संवेदक आणि ईसीयू

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकांनंतर निकासनळी हा धूर बाहेर टाकणारा निव्वळ लोखंडी मार्ग उरलेला नाही. ती आता लहानशी रासायनिक भट्टी आणि मोजमापाची जागा झाली आहे. उत्प्रेरक परिवर्तकातील मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. साधारण ३०० अंशांच्या आसपास तापल्यावर हा थर कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळलेल्या इंधनाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. या तिन्ही क्रिया एकाच वेळी नीट होण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात राहावे लागते; शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल असे असते.

हे प्रमाण सांभाळण्याचे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, करतो आणि त्याला वार्ता देतो तो हेडरमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन उरलेला दिसला की ईसीयू इंधन वाढवतो, ऑक्सिजन कमी दिसला की घटवतो, आणि हा संवाद सेकंदाला अनेकदा चालतो. परंतु बहुतेक गाड्यांत तो फक्त संथ आणि स्थिर चालीपुरता असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या स्मृतीत कोरलेल्या तक्त्यानुसार इंधन सोडतो. अनेक मोटारगाड्यांत आत येणाऱ्या हवेचे थेट मापन होते. मोटारसायकलींत ते सहसा नसते, हवा किती आली असेल याचा अंदाज ॲक्सिलरेटरची स्थिती, इंजिनाची गती आणि आतील दाब यांवरून बांधला जातो, आणि हा अंदाज मूळ निकासनळी गृहीत धरूनच केलेला असतो.

फुल सिस्टीम बसवल्यावर इंजिनातून खरोखरच अधिक हवा जाऊ लागली, तर तक्त्यात मात्र जुनेच इंधन लिहिलेले असते, त्यामुळे पूर्ण वेगात मिश्रण विरळ होते, तापमान वाढते आणि अपेक्षित ताकद मिळत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते, म्हणजे तेवढ्याच हवेला अधिक इंधन लागते. ज्या जुन्या गाडीचा तक्ता अशा इंधनासाठी जुळवलेला नाही, तिच्यात विरळपणाची भर आणखी पडते. फुल सिस्टीम आणि ईसीयूच्या तक्त्याची नव्याने जुळवणी या दोन्ही खर्चांकडे एकच खर्च म्हणून पाहावे. पहिला करून दुसरा टाळणाऱ्याने कंपनीची व्यवस्था तशीच ठेवलेली बरी. उत्प्रेरक तसाच ठेवून फक्त शेवटचा डबा बदलणाऱ्या स्लिप-ऑनमध्ये हवेचा मार्ग फारसा बदलत नाही, म्हणून तिथे ईसीयूला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. मात्र त्याच कारणाने ताकदीतली वाढही एक-दोन अश्वशक्तीच्या पलीकडे क्वचितच जाते. डायनो या शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर तीच गाडी लागोपाठ दोनदा चालवली तरी निकालात एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि ४० अश्वशक्तीच्या गाडीत दोन टक्के म्हणजे पाऊण अश्वशक्ती, हे लक्षात ठेवून जाहिरातीतील आकडे वाचावेत.

उत्प्रेरक कुठे आहे हे खरेदीपूर्वी शोधणे म्हणूनच आवश्यक असते, कारण त्याची जागा प्रत्येक गाडीत निराळी असते. पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएमच्या ३९० मालिकेत सुरुवातीला निकासाचा डबा इंजिनाच्या पोटाखाली होता आणि २०१७ साली तो मागे, बाजूला आला. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांना म्हणूनच एक सायलेन्सर चालत नाही. काही गाड्यांत उत्प्रेरक शेवटच्या डब्यातच असतो, आणि तिथे साधा दिसणारा स्लिप-ऑनसुद्धा उत्प्रेरक काढून टाकतो. उत्प्रेरकाच्या मागेही सेन्सर असणाऱ्या नव्या गाड्यांत असा बदल केला तर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागतो. तो दिवा फसवण्यासाठी विकली जाणारी उपकरणे धूर स्वच्छ करत नाहीत, धूर अस्वच्छ असल्याची सूचना तेवढी बंद करतात.

६. कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार आवाजाची किंवा वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवले, तर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी परवान्याला अपात्रता अशी तरतूद २०१९ च्या सुधारणेनंतर आहे. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकासाठी कलम १८२ए(४) मध्ये प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यांवर रोलर फिरवण्याची कारवाई अनेक शहरांतल्या वाहतूक पोलिसांनी केली आहे.

परदेशी सायलेन्सरवर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आणि शेजारी एक अंक कोरलेला दिसतो. तो युरोपीय मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ ३ म्हणजे इटली आणि २६ म्हणजे स्लोव्हेनिया. ही खूण त्या विशिष्ट गाडीवर, डीबी किलर जागेवर असताना, सायलेन्सर तिथल्या मानकांत बसल्याचे सांगते. भारतीय मंजुरीची प्रक्रिया वेगळी आहे. ती पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणीसंस्थांमार्फत होते, त्यामुळे युरोपीय खूण असलेला सायलेन्सर भारतीय रस्त्यावर आपोआप वैध ठरत नाही. तरीही अजिबात खूण नसलेल्या वस्तूपेक्षा तिच्यामागे निदान एक चाचणी झालेली असते, एवढा तिचा उपयोग मानावा. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे गाडीच्या निर्मात्याने स्वतःच त्या मॉडेलसाठी, रस्त्यावरील वापराला मंजूर म्हणून, उपलब्ध केलेला सायलेन्सर घेणे. बाकी कोणताही बदल केल्यास हमी आणि विमा यांवर होणारा परिणाम संबंधित कंपन्यांकडून लेखी विचारून घ्यावा, कारण न कळवलेला फेरफार अपघातानंतरच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो.

७. निवड करताना

या साऱ्याचा विचार करता रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी उत्प्रेरक आणि डीबी किलर राखणारा, त्याच मॉडेलसाठी आखलेला स्लिप-ऑन हीच बाहेरच्या पर्यायांतली समंजस मर्यादा ठरते, आणि फुल सिस्टीम केवळ ट्रॅकसाठी वेगळी ठेवलेल्या गाडीला शोभते. स्लिप-ऑनचा खरा लाभ वजनात आहे. टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम ५६ टक्के असल्याने, सारख्याच जाडीचा आणि आकाराचा ४ किलोचा पोलादी डबा टायटॅनियममध्ये सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. हे वजन गाडीच्या मागच्या, उंच भागातून कमी झाल्यामुळे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झुकवताना फरक जाणवू शकतो.

धातूंची निवड हवामानावरही ठरावी. साध्या पोलादावर क्रोमचा मुलामा दिलेला डबा कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत एखाद-दोन पावसाळ्यांतच मुलाम्याखालून गंजू लागतो. ३०४ दर्जाचे स्टेनलेस पोलाद तिथे पुरेसे टिकते आणि किंमतीलाही परवडते. कार्बन फायबरचे आवरण देखणे व हलके असते, पण त्यातील राळ सततच्या उष्णतेने पिवळी पडते, म्हणून ते हेडरपासून दूरच बरे.

मागे बसणाऱ्याचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. सायलेन्सर उंचावर आणि मागच्या पायपट्टीच्या जवळ येत असेल, तर पोटरीला चटका बसण्याची आणि साडीचा पदर किंवा ओढणी तापलेल्या नळीला चिकटण्याची शक्यता असते. साडीगार्ड काढल्याशिवाय बसत नाही असा सायलेन्सर दोन माणसांच्या गाडीसाठी विचारातच घेऊ नये.

८. जोडणी

जोडणीचे काम अवघड नसते, पण ते घाईचेही नसते. इंजिन पूर्ण गार झालेले असावे, गाडी पॅडॉक स्टँडवर सरळ उभी असावी आणि त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असावे, कारण प्रत्येक नट किती जोराने आवळायचा याचे आकडे त्यातच असतात. स्लिप-ऑनसाठी मधल्या नळीवरचा क्लॅम्प आणि चौकटीला धरणारा एक-दोन बोल्टांचा हँगर एवढेच सोडवावे लागते. फुल सिस्टीमसाठी फेअरिंग उतरवणे, ऑक्सिजन सेन्सरची वायर सोडवणे आणि सिलिंडर हेडवरचे नट काढणे हे अधिकचे टप्पे येतात. हे नट शेकडो वेळा तापून-निवून स्टडांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे आणि पाना सावकाश, थोडा पुढे थोडा मागे असा फिरवावा. जोर लावून स्टड हेडमध्येच तुटला, तर दोनशे रुपयांच्या गॅस्केटचे काम लेथवाल्याकडे जाते आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे गेले तर खर्च अनेक पटींनी वाढतो.

हेडर आणि इंजिन यांच्यामधील तांब्याची किंवा धातू-ग्राफाइटची कडी, म्हणजे गॅस्केट, दाबली जाऊन जागा भरते. एकदा दाबलेली कडी दुसऱ्यांदा तशी बसत नाही, म्हणून ती दर वेळी नवी घालावी. सेन्सर काढताना त्याची वायर पिळली जाऊ देऊ नये, आणि बसवताना आट्यांवर उष्णता सहन करणारे अँटी-सीझ ग्रीस अगदी थोडे लावावे. ते सेन्सरच्या टोकाला लागले तर सेन्सर निकामी होतो.

जोडणीतील सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की आधी सगळे भाग सैल बसवावेत, नळ्या आपापल्या जागी ताण न घेता बसल्या आहेत याची खात्री करावी, आणि मगच इंजिनाकडून मागच्या टोकाकडे या क्रमाने आवळावे. हँगरचे भोक जुळत नाही म्हणून डबा ओढून बोल्ट घुसवला, तर तो ताण कायम राहतो आणि कंपनांमुळे काही महिन्यांत वेल्डला चीर जाते. नळ्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा याचसाठी असतात, की तापल्यावर लांबणाऱ्या धातूला थोडी हालचाल करता यावी. स्प्रिंगांच्या जागी घट्ट तार गुंडाळण्याचा गॅरेजमधील उपाय टाळावा. मागचे चाक दाबून सस्पेन्शन पूर्ण खाली नेले असता स्विंगआर्म, ब्रेकची नळी किंवा फेअरिंग सायलेन्सरला लागत नाही ना, हेही याच टप्प्यावर पाहावे.

इंजिन सुरू करण्यापूर्वी नळ्यांवरचे बोटांचे तेलकट ठसे स्पिरिटने पुसून काढावेत, अन्यथा पहिल्याच तापण्यात ते स्टेनलेसवर आणि टायटॅनियमवर कायमचे भाजले जातात. सुरू केल्यावर प्रत्येक जोडाजवळ, न शिवता, हात धरून फसफस जाणवते का ते पाहावे. हेडरच्या जोडातली बारीकशी गळती दिसते तितकी किरकोळ नसते: तिच्यातून दाबाच्या चढउतारांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ती जादा ऑक्सिजन म्हणून दिसते आणि ईसीयू कारण नसताना इंधन वाढवत राहतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट असे बार येऊ लागले, तर ते न जळलेले इंधन नळीत या हवेबरोबर पेट घेत असल्याचे लक्षण असू शकते, आणि नवा सायलेन्सर ‘छान बोलतो’ म्हणून त्याचे कौतुक करण्याऐवजी जोड तपासावेत.

पहिल्या काही वेळा इंजिन तापून गार झाल्यावर सगळे नट मॅन्युअलमधील आकड्यांप्रमाणे पुन्हा तपासावेत, कारण गॅस्केट आणखी दबलेली असते. काचतंतूंचे वेष्टन वापराने हळूहळू जळून विरळ होते. आवाज आधीपेक्षा फाटका आणि तीक्ष्ण वाटू लागला, किंवा डब्याचे आवरण पूर्वीपेक्षा अधिक तापू लागले, की रिव्हेट काढून ते नव्याने भरून घ्यावे. काढून ठेवलेली मूळ निकासव्यवस्था आतून कोरडी करून, दोन्ही तोंडे कापडाने बंद करून, तिचे सगळे बोल्ट, कॉलर आणि रबरी बूश एका पिशवीत तिच्यासोबतच बांधून ठेवावेत; गाडी विकताना, हमीचे काम निघाल्यावर किंवा आवाजाच्या तपासणीपूर्वी मूळ सायलेन्सर परत बसवायची वेळ येते, तेव्हा हँगरचा हरवलेला एक कॉलर सुटा मिळता मिळत नाही.